करुणाबाई पाईकराव यांना आजारी ठरविणेबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण नियंत्रण अधिकारी,
दुर्बीण तपासणी व ऑनलाइन प्रशिक्षण कक्ष,
पूर्णाई पोटविकार संस्था (अनुदानित),
हिंगोली.

अर्जदार : रत्नपाल किशनराव पाईकराव, वय ४६, व्यवसाय – पूर्वी दुर्बीण धुणे, सध्या काही नाही, रा. साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

विषय : अर्जदाराच्या पत्नीस आजारी ठरवून दि. २४ फेब्रुवारीच्या ऑपरेशनला मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या संस्थेचे योजना परिपत्रक, कलम ७.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (चारही परत).
३) आपले पुनर्चाचणीचे पत्र, दि. ९ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

हा अर्ज लांबला आहे आणि आपणांस वेळ थोडा आहे, म्हणून मुद्दा आधीच मांडून ठेवण्यात येतो. अर्जदाराची पत्नी करुणाबाई, वय ४२, हिच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी येत्या मंगळवारची ऑपरेशनची तारीख दिली आहे. आपल्या संस्थेच्या कागदावर मात्र सदर बाई ठणठणीत असल्यामुळे मोफत ऑपरेशनच्या योजनेतून मंजुरी मिळत नाही. बाकी हकीकत खाली क्रमाने दिली आहे.

सही अर्जदाराची असली तरी अक्षर त्याचे नाही. सेनगावला तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे बाबूसिंग आडे, निवृत्त वरिष्ठ लिपिक (पुढे 'लेखनिक'), यांचे ते आहे. अर्जदार मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला असून त्याला लिहिता येते. परंतु त्याचा पहिला अर्ज विषय दोन ओळींचा झाला म्हणून परत आला. दुसरा डाव्या बाजूला समास सोडला नाही म्हणून आला. तिसऱ्यात त्याने "माझी बायको मरून राहिली साहेब" असे लिहिले होते, त्यावर "भाषा कार्यालयीन नाही" असा शेरा पडला. चौथा का परत आला हे त्यावर लिहिलेलेच नाही. लेखनिकाने नोकरीत चौतीस वर्षे असेच अर्ज परत पाठविले असून परतीचा शेरा मारण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, म्हणून अर्जदार त्याच्याकडे आला. या अर्जात समास सोडला आहे, विषय एका ओळीत आहे, आणि भाषा जमेल तितकी कार्यालयीन ठेवली आहे.

१. अर्जदार आपल्या संस्थेच्या डोंगरकडा केंद्रात नऊ वर्षे कंत्राटी मदतनीस होता. काम दुर्बीण धुण्याचे. दुर्बीण म्हणजे माणसाच्या उंचीएवढी काळी नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती खालून मोठ्या आतड्यात सारतात आणि आत जे आहे ते पडद्यावर दिसते. रुग्णाचे पोट दाबून धरणे, सांगतील तेव्हा पिचकारीने पाणी सोडणे आणि तपासणी झाली की नळी आतून-बाहेरून धुऊन टांगणे, एवढेच अर्जदाराने करायचे. बोलणे त्याच्या कामात नव्हते. परंतु पडदा त्याच्याही समोर होता, आणि नऊ वर्षे डोळे मिटून उभे राहण्याचा आदेश संस्थेने काढलेला नव्हता.

२. सन २०२४ च्या जून महिन्यात आपल्या कक्षाने सर्व दुर्बीण डॉक्टरांना ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचे केले. त्याचा हेतू चांगला होता, हे अर्जदार आजही मानतो. देठावर उभी असलेली मोठी गाठ कोणालाही दिसते. लबाड असते ती चपटी गाठ. आतड्याच्या गुलाबी कातडीवर बारीक शिरांची जाळी असते, ती एका ठिकाणी पुसल्यासारखी होते, वर पिवळसर चिकट थर बसतो, आणि बस्स, एवढेच. सारवलेल्या जुन्या भिंतीवर मधेच हातभर जागा नव्याने सारवली तर जेवढी वेगळी दिसेल, तेवढाच फरक. घाईत नळी ओढणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून या प्रशिक्षणात खऱ्या तपासण्यांच्या छोट्या चित्रफिती दाखवतात. गाठ दिसली की तिच्यावर बोट टेकायचे, काहीच नसेल तर 'विकृती नाही' हे बटण दाबायचे. शेवटी शंभर फितींची चाचणी आणि नव्वद वा अधिक गुण आले की प्रमाणपत्र.

डोंगरकडा केंद्राचे डॉ. स्वप्निल वारंगकर यांनी पहिल्या दिवशी सराव चाचणी स्वतः दिली. त्यांना अडतीस गुण पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅबलेट आणि पासवर्ड अर्जदाराच्या हाती ठेवला व म्हणाले, "रत्नपाल, तू रोज बघतोसच. एवढं उरकून टाक. नव्वदच्या खाली आलं तर तुझं कंत्राट मी पुढे पाठवणार नाही."

महोदय, यात डॉक्टरांनी काही जगावेगळे केले असे अर्जदाराचे म्हणणे नाही. साहेबाचे ऑनलाइन प्रशिक्षण शिपायाने करायचे, ही आपल्याकडची रीतच आहे. लेखनिकाने स्वतः सन २०१९ ते निवृत्तीपर्यंत तीन साहेबांची अकरा प्रशिक्षणे पूर्ण केली, त्यांत 'कार्यालयीन सचोटी' हेही एक होते. साहेबाने सही करायची आणि खालच्याने शिकायचे, असे चालत आले आहे. फरक इतकाच, की लेखनिक टिचक्या मारून मोकळा होत असे. अर्जदार खरोखर शिकत बसला.

३. येथे अर्जदाराची पहिली चूक झाली. त्यालाही आधी चव्वेचाळीसच गुण पडले होते. काठावर पास होण्यापुरते करून त्याला थांबता आले असते. परंतु त्याला त्या चित्रांची गोडी लागली. संध्याकाळी साखऱ्याला परत आल्यावर, शाळेच्या ओट्यावर जिथे नेटवर्क येते तिथे बसून तो तेच तेच पाहू लागला. करुणाबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या नावानं येवढा जीव काहून जाळून राहिले?" अर्जदार म्हणाला, "शिकलेलं कुठं जातं का?" दि. २९ जुलै २०२४ रोजी त्याने चाचणी दिली आणि शंभरपैकी सत्त्याण्णव गुण आले. पडद्यावर अक्षरे उमटली : 'अभिनंदन, डॉ. वारंगकर.' आपल्या संस्थेत एवढे गुण तोवर कोणाला पडले नव्हते आणि नंतरही पडलेले नाहीत. प्रमाणपत्र चौकटीत बसवून तपासणी खोलीच्या दारावर लावले गेले. त्यासाठी खिळा अर्जदारानेच ठोकला. त्याला त्या दिवशी आनंद झाला होता, हेही येथे नमूद करावे असे तो म्हणतो.

४. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता करुणाबाईला शौचावाटे रक्त जाऊ लागले. आधी मूळव्याध समजून झाडपाला झाला, मग गोळ्या झाल्या. दि. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी अर्जदाराने तिला आपल्याच केंद्रात तपासणीसाठी आणले. आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे ते खारट पाणी तिने तांब्या-तांब्याने, न ओकता, सगळे संपवले. नळी डॉ. वारंगकरांच्या हाती होती आणि तिचे पोट दाबायला अर्जदार होता.

दुर्बीण शेवटपर्यंत जाते, आणि खरी तपासणी नळी मागे घेताना होते. किमान सहा मिनिटे घ्यावीत असे प्रशिक्षणातच सांगितले आहे. डॉक्टरांना कळमनुरीला लग्नाला जायचे होते. उजव्या बाजूच्या वळणापाशी अर्जदाराला शिरांची जाळी पुसलेली दिसली, वर पिवळा थर. नोकरीत पहिल्यांदा तो तोंड उघडून बोलला, "सर, थांबा. जरा परत आत घ्या."

डॉक्टर म्हणाले, "काय झालं?"

"सर, तिथं पाणी मारून बघा. थर निघतो का."

"दुर्बीण धू तू. रोग मी बघतो." नळी बाहेर सरकत राहिली. अर्जदाराने पुन्हा एकदा "सर" म्हटले, तेव्हा डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "दारावर सर्टिफिकेट कोणाचं आहे?"

खोलीत परिचारिका होती, बायको अर्ध्या गुंगीत होती, आणि उत्तर असे होते की ते दिले तर दोघांचीही नोकरी गेली असती. तो पोट दाबत राहिला. नळी दोन मिनिटे पन्नास सेकंदांत बाहेर आली. रिपोर्टावर सहा मिनिटे छापून आली, कारण तो आकडा नमुन्यात आधीच भरलेला असतो. खाली लिहिले होते : आतडे सामान्य.

येताना एसटीत करुणाबाईने विचारले, "तुमी कायतरी बोलले आतमंदी, मी आयकलं. काय दिसलं व्हतं?"

अर्जदार म्हणाला, "काही न्हाई."

ही त्याची दुसरी चूक, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. डॉक्टर अकरा वर्षे शिकलेला, आपण नळी धुणारे, आपल्यालाच भास झाला असेल, असे त्याने स्वतःला समजावले. दहा महिने समजावले. त्या दहा महिन्यांत ती बाई वाळत गेली. हे लिहिताना अर्जदार समोर बसून रडत आहे. कार्यालयीन भाषेत त्याला काही शब्द असल्यास तो येथे घालून वाचावा.

५. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जदाराने तिला नांदेडला नेले. तेथील डॉक्टर सव्वीस वर्षे हेच काम करतात. त्यांना उजव्या वळणापाशी गाठ मिळाली, आता ती चपटी राहिलेली नव्हती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ते म्हणाले, "वर्षभर आधी आला असता तर दुर्बिणीतूनच काढून टाकली असती. आता आतडं कापावं लागेल, पण अजून उशीर झालेला नाही." त्यांनी ऑक्टोबरची तारीख दिली.

योजनेच्या मंजुरीसाठी कागद आपल्याकडे आले आणि संदर्भ क्र. १ मधील कलम ७ आडवे आले. कलम असे : 'एकाच रुग्णाचे दोन रिपोर्ट परस्परविरोधी असल्यास, ज्या डॉक्टरचे ऑनलाइन प्रशिक्षणातील गुण अधिक, त्याचा रिपोर्ट ग्राह्य धरावा.' डॉ. वारंगकरांचे गुण सत्त्याण्णव. नांदेडच्या डॉक्टरांनी हे प्रशिक्षण घेतलेलेच नाही, म्हणून त्यांच्या रकान्यात 'निरंक'. सत्त्याण्णव विरुद्ध निरंक. आपल्या कार्यालयाने कळविले : 'रुग्ण निरोगी आहे. ऑपरेशनची आवश्यकता नाही. पुढील तपासणी सन २०२९.'

ऑक्टोबरची तारीख गेली. त्या दिवशी अर्जदाराने बायकोला पासवर्डाची सगळी गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "असं व्हय. म्हंजे तुमच्या मार्कावर मी निरोगी हाय." मग उठून चुलीकडे गेली. अर्जदार म्हणतो, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

६. अर्जदार प्रथम डॉ. वारंगकर यांच्याकडे गेला आणि खरे काय ते लिहून द्या म्हणून पाया पडला. डॉक्टर उर्मट वागले नाहीत. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावून सांगितले, "हे बघ रत्नपाल, मी असं लिहून दिलं तर त्या सर्टिफिकेटनंतरचे साडेचारशे रिपोर्ट पुन्हा उघडावे लागतील. सगळे बिचारे आपापल्या घरी सुखात आहेत. एका बाईसाठी साडेचारशे लोकांची झोप उडवायची का? तूच सांग." चहा चांगला होता, असे अर्जदाराने लेखनिकास सांगितले.

सदर साडेचारशेंत लेखनिकही आहे. त्याचाही रिपोर्ट 'सामान्य' आहे आणि त्यावरही सहा मिनिटे आहेत. हे ऐकल्यापासून त्याने तो कपाटातून काढलेला नाही.

७. त्यानंतर अर्जदाराने आपल्याकडे लेखी कबुली दिली, की चाचणी त्याने दिली आहे, सबब सत्त्याण्णव गुण त्याचे आहेत, डॉक्टरांचे नाहीत, आणि ते रद्द करून नांदेडचा रिपोर्ट ग्राह्य धरावा. या कबुलीवर कार्यवाही झाली नाही असे म्हणता येणार नाही. ती अत्यंत तत्परतेने झाली. दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याबद्दल अर्जदाराचे कंत्राट आठ दिवसांत संपविण्यात आले. डॉक्टरांच्या गोपनीयतेचा भंग झाला म्हणून त्यांना दिलगिरीचे पत्र आणि नवा पासवर्ड देण्यात आला. गुणांबाबत आपण कळविले : 'चाचणी यंत्राने घेतली आहे. यंत्र व्यक्ती ओळखत नाही, नाव ओळखते. गुण नावास मिळाले असून ते कायम आहेत.' डॉ. वारंगकर आता इतर डॉक्टरांना चपटी गाठ कशी ओळखावी यावर व्याख्याने देतात. त्यांच्या फलकावर सत्त्याण्णव हा आकडा मोठ्या लाल अक्षरांत असतो.

८. अर्जदाराने आपल्या कार्यालयात वारंवार खेटे घातल्यावर रुग्णाची प्रत्यक्ष पडताळणी करण्यासाठी आपले दोन जणांचे पथक साखऱ्याला आले. तो डिसेंबरचा दुसरा आठवडा होता आणि ऑपरेशनची दुसरी तारीख चार दिवसांवर होती. साहेब लोक दारात आले म्हणून करुणाबाई अंथरुणावरून उठली, डोक्यावर पदर घेतला, भिंतीला धरून चुलीपाशी गेली आणि त्यांना चहा करून दिला. आलेल्या माणसाला विन्मुख पाठवायचे नाही, ही तिच्या माहेरची शिकवण. पथकाने चहा घेतला आणि अहवालात लिहिले : 'रुग्ण स्वतः चालत असून चहा करताना आढळली. प्रकृती समाधानकारक.' दुसरी तारीखही गेली. लेखनिकाने तिला विचारले, की बाई, त्या दिवशी तुम्ही पडून का राहिला नाहीत? ती म्हणाली, "आता आजारी दिसायचं बी शिकावं लागते का, भाऊ?"

९. आता आपले दि. ९ फेब्रुवारीचे पत्र. अर्जदार खरे बोलतो की खोटे, हे पाहण्यासाठी त्याची सोमवार दि. २३ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात पुनर्चाचणी ठेवली आहे. तेच प्रशिक्षण, शंभर फिती. निकालाचा अर्थ कसा लावावा हेही पत्रात दिले आहे. ते येथे जसेच्या तसे उतरविण्यात येते :

'(अ) अर्जदारास नव्वद वा अधिक गुण मिळाल्यास मूळ गुण योग्य क्षमतेवर मिळाले होते असे सिद्ध होईल, सबब प्रमाणपत्र व त्याखालील सर्व रिपोर्ट वैध राहतील. (ब) अर्जदारास नव्वदपेक्षा कमी गुण मिळाल्यास मूळ चाचणी त्याने दिली हे म्हणणे खोटे ठरेल, सबब ती डॉ. वारंगकर यांनीच दिली असे मानून प्रमाणपत्र व त्याखालील सर्व रिपोर्ट वैध राहतील.'

महोदय, लेखनिकाने हे पत्र तीनदा वाचले. चौतीस वर्षांत त्याने पुष्कळ माणसे कागदावर अडकवली. परंतु पास झाला तरी बायको निरोगी आणि नापास झाला तरी बायको निरोगी, असे चोख पत्र त्याच्या हातून कधी निघाले नाही. आपल्या कार्यालयात हे ज्यांनी लिहिले त्यांना त्याचा नमस्कार सांगावा. अर्जदाराला मात्र ते कळायला दोन दिवस लागले. तोपर्यंत तो रोज शाळेच्या ओट्यावर बसून अभ्यास करीत होता.

१०. त्या अभ्यासात जे सापडले ते शेवटी लिहावे असे अर्जदाराचे म्हणणे पडले. पत्रासोबत आपण सरावासाठी नव्या फितींचा संच टॅबलेटसह पाठविला आहे. पुनर्चाचणीत याच फिती येतील असे त्यावर नमूद आहे. परवा रविवारी अर्जदार तो पाहत होता. करुणाबाईला घरात पडून पडून कंटाळा आला होता, म्हणून तीही शेजारी येऊन बसली. फीत क्रमांक ३१ लागली. सहा-सात सेकंदांची आहे. नाव नाही, तारीख नाही, आवाज काढून टाकलेला. उजव्या बाजूचे वळण येते आणि तिथे चित्र एकदम हलते, कोणीतरी मधेच बोलल्यावर हात चमकावा तसे. मग नळी बाहेर सरकत राहते. अर्जदाराने ती पुन्हा लावली, तिसऱ्यांदा लावली.

करुणाबाई म्हणाली, "येवढं काय बघून राहिले? कोणाचं हाय हे?"

अर्जदाराने सांगितले, "तुझं."

तिने टॅबलेट हातात घेतला. फीत शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाली, "लई साफ हाय वो." आणि टॅबलेट परत देत, "खारं पाणी सगळं पेले व्हते मी."

फितीखाली उत्तर छापले आहे : 'उत्तम सफाई. विकृती नाही. सामान्य आतड्याचा आदर्श नमुना.' म्हणजे येथून पुढे जे कोणी डॉक्टर हे प्रशिक्षण घेतील, ते करुणाबाईच्या आतड्यावरून निरोगी आतडे कसे असते हे शिकतील. त्या ठिकाणी गाठ आहे असे जो म्हणेल, त्याचा एक गुण कापला जाईल. पुढच्या बाईच्या आतड्यात तसेच काही दिसले, तर तो डॉक्टर थांबणार नाही, कारण आपण त्याला तसे शिकविले असेल. नांदेडचा रिपोर्ट आणि फीत क्र. ३१ शेजारी शेजारी ठेवून पाहावे, अशी विनंती अर्जदाराने फोनवरून केली असता आपल्या कार्यालयातून उत्तर मिळाले, की उत्तरसूचीवरील आक्षेप फक्त नोंदणीकृत डॉक्टरच घेऊ शकतात.

सबब अर्जदाराची मागणी येणेप्रमाणे :

मंगळवारी सकाळी आठ वाजता नांदेडला ऑपरेशन आहे. मंजुरीचे पत्र सोमवारी संध्याकाळपर्यंत तेथे पोहोचले पाहिजे. ही तिसरी तारीख असून, चौथी देण्यासारखे काही उरणार नाही, असे तेथील डॉक्टरांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले आहे. करुणाबाईला हे माहीत नाही. ती मंगळवारसाठी धुतलेले लुगडे पिशवीत घालून बसली आहे. तरी कलम ७ बाजूला ठेवून मंजुरी द्यावी. नोकरी परत नको, गुण अर्जदाराच्या नावावर नकोत, डॉक्टरांवर कारवाईही नको. हवे असल्यास अर्जदार वाटेल तो गुन्हा कबूल करील. त्याची सही कोऱ्या कागदावर सोबत जोडली आहे, वरचा मजकूर आपण घालावा.

हे शक्य नसल्यास अर्जदार सोमवारी अकरा वाजता हजर राहील. तो नव्वदच्या वर जाईल की खाली, याने आता काही फरक पडत नाही हे त्याला समजले आहे. नव्व्याण्णव फितींची उत्तरे तो त्याला येतात तशी देईल. फीत क्रमांक ३१ ला तो 'विकृती नाही' हे बटण दाबणार नाही. उजव्या वळणावर जिथे शिरा पुसल्या आहेत, तिथे तो बोट टेकणार आहे आणि यंत्र पुढची फीत लावीपर्यंत उचलणार नाही. चूक उत्तर म्हणून त्याचा गुण खुशाल कापावा. परंतु त्या वेळी आपण स्वतः उठून त्याच्या मागे येऊन उभे राहावे आणि बोट कुठे आहे ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढी नम्र विनंती आहे.

कळावे. उत्तर टपालाने न पाठविता फोनवर द्यावे, साखऱ्याला टपाल पोहोचायला पाच दिवस लागतात.

आपल्या शब्दावर ज्याचे सगळे अडले आहे असा
आपला नम्र,

(सही)
रत्नपाल किशनराव पाईकराव
अर्जदार

लेखनिक : बाबूसिंग आडे, सेनगाव
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) डोंगरकडा केंद्राचा रिपोर्ट – आतडे सामान्य.
२) नांदेडचा रिपोर्ट व तुकड्याचा तपास – कॅन्सर.
३) पडताळणी पथकाचा अहवाल, चहाच्या उल्लेखासह.
४) पुनर्चाचणीचे पत्र.
५) कोरा कागद, खाली अर्जदाराची सही.
६) "मी आजारी आहे" असे करुणाबाई पाईकराव यांचे स्वयंघोषणापत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.